हातचा

स्काल्मार्विकच्या धक्क्यावर एकोणतीस वर्षं
मी काटा सांभाळला.
येईल त्या होडीचा कॉड तोलायचा, बर्फाचं वजन वजा करायचं,
आकडा वहीत, वही खिडकीत.
हातांना अजून त्या वहीचा वास येतो.
बायको म्हणते, माशांचा. असेल.

तेव्हा समुद्र सगळ्यांचा होता,
म्हणजे ज्याची होडी आधी निघेल त्याचा.
इंगिम्युंदुर पहाटे तीनला निघायचा,
म्हणून हाल्वार्दुर दोनला,
म्हणून इंगिम्युंदुर झोपेनासा झाला.
जाळी लांबत गेली, मासे आखूड होत गेले.
एका मार्चात जो कॉड तोलला
तो माझ्या मनगटापासून कोपरापर्यंतही पुरला नाही.
मी काही बोललो नाही.
काट्यानं बोलायचं नसतं.

मग राजधानीतून एक तरुण बाई आल्या.
शाळेत, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर
आम्ही गुडघे पोटाशी घेऊन बसलो.
त्या म्हणाल्या, सगळ्यांचं ते कुणाचंच नसतं.
ज्याचं त्याला वाटून द्या, मग बघा कसा जपतो.
फळ्यावर एक रेघ खाली गेली, एक वर.
रेघा देखण्या होत्या.
वाटे ठरले होडीमालकांचे, माझ्याच वहीवरून.
डेकवर ज्यांची बोटं गेली,
कारखान्यात ज्या बाया उभ्यानं मासे सोलत म्हाताऱ्या झाल्या,
त्यांच्यासाठी वहीत रकाना नव्हता.
रकाने मीच आखले होते.

आणि मासे परत आले.
हे मला लपवायचं नाही.
सहाव्या वर्षी असे कॉड आले
की काट्याचा काटा थरथरला.
हाल्वार्दुर सकाळी आठला निघू लागला, चहा पिऊन.

त्याच हिवाळ्यात तो रात्री माझ्याकडे आला.
गुडघे गेलेले, मुलगी परगावी,
आणि दक्षिणेकडच्या एका कंपनीचं पत्र.
वाट्याची किंमत त्यात लिहिलेली:
त्याच्या बापानं, आज्यानं आणि त्यानं मिळून
ओढलेल्या सगळ्या माशांहून जास्त.
"तू काय करशील?"
मी पावतीच्या पाठीवर हिशेब मांडला.
दोनदा ताळा केला.
म्हटलं, वीक.

त्याचा हिशेब बरोबर होता.
तो गेल्यावर कारखान्याला माल पुरेना,
म्हणून इंगिम्युंदुरनं विकलं. त्याचाही बरोबर.
मग स्टेनव्होरनं घर विकायला काढलं,
ते कुणी घेतलं नाही,
तेव्हा कुलूप लावून गेली.
कुणी खोटं बोललं नाही. कुणी चोरी केली नाही.
हातचं सोडून पळत्याच्या मागे
कुणी लागलं, असंही नाही.
ज्याचं त्याच्या हातात नीट पडलं.

शाळेत शेवटच्या वर्षी चार मुलं होती.
मी शेगडीत कोळसा टाकायला जायचो.
बाई शिकवत होत्या: आठ आणि सात पंधरा,
पंधराचे पाच, हातचा एक.
द्यिर्लेव, सात वर्षांची, दात पडलेली, विचारते,
"हातचा कुणाच्या हातात?"
मुलं हसली.
बाई म्हणाल्या, तो पुढच्या घरात मिळवायचा असतो, विसरायचा नसतो.
"पण पुढच्या घरात कुणी नसलं तर?"

कोळसा टाकून झाला होता.
तरी मी तिथेच उभा राहिलो,
झाकण हातात घेऊन.

हाल्वार्दुर नाताळात फोन करतो.
त्याच्या बाल्कनीतून समुद्र दिसतो म्हणे,
दुर्बीण लावली तर.
ट्रॉलर दिवे लावून आमच्या खाडीवरून जातात,
थांबत नाहीत. थांबायचं कारणही नाही,
त्यांचा काटा त्यांच्या पोटात.

काल तेल घालायला धक्क्यावर गेलो होतो.
आजूबाजूला कुणी नाही असं बघून
मीच पाटीवर चढलो.
ब्याऐंशी किलो.
सवयीनं बर्फ वजा केला.